कार्बन डॉट्सचा पांढरा एलईडी करायचाय? मग डॉट्स वाळल्यावर काय होतं ते आधी बघा

सायट्रिक अ‍ॅसिड आणि युरिया पाण्यात विरघळवून मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं ठेवलं की कार्बन डॉट्सचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचं, चमकणारं द्रावण मिळतं असं व्हिडिओंत दाखवतात, आणि ते खरंय. असले व्हिडिओ खोटे नसतात, फक्त ते नेमके तिथेच संपतात, आणि आपल्याला हवा असतो दिवा, चमकणारी बाटली नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बाटलीवर यूव्ही टॉर्च मारला आणि असला झक्क हिरवा उजेड आला की लगेच काचपट्टीवर चार थेंब टाकले, हेअर ड्रायरने वाळवले आणि परत टॉर्च मारला. काहीच नाही. नुसता तपकिरी डाग, गंज चढल्यासारखा. वाटलं ड्रायरच्या उष्णतेनं जळलं असणार, वैतागून पट्टी धुवायला घेतली तर नळाचा पहिला थेंब जिथे पडला तिथे तो डाग परत हिरवागार पेटला. म्हणजे डॉट्स मेले नव्हते, एकमेकांना चिकटून गप्प बसले होते.

या सगळ्या उद्योगाची खरी अडचण ती एवढीच आहे. कण एकमेकांच्या फार जवळ आले की शोषलेली ऊर्जा उजेड म्हणून बाहेर पडायच्या ऐवजी एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते आणि शेवटी उष्णता होऊन संपते. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय त्यातला जास्त भाग डॉट्स बनवण्याबद्दल नाही, वाळल्यावरही त्यांना एकमेकांपासून लांब कसं ठेवायचं त्याबद्दल आहे.

आता मुळात हे करायचंच कशाला. बाजारातला नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे आतमध्ये ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आणि वर पिवळा फॉस्फर (एका रंगाचा उजेड शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा पदार्थ), म्हणजे सिरियम घातलेला यट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट, ज्याला सगळे याग म्हणतात. निळा आणि पिवळा मिसळला की डोळ्याला पांढरा दिसतो. (ती निळी चिप शक्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) याग हा काही विषारी पदार्थ नाही आणि एका एलईडीत तो लागतोही चिमूटभर, त्यामुळे उगाच त्याला खलनायक करू नका. प्रश्न असा की यट्रियम, सिरियम, लाल छटेसाठी युरोपियम ही सगळी रेअर अर्थ मूलद्रव्यं, ती खणून वेगळी करताना भरपूर आम्ल वापरलं जातं आणि भरपूर कचरा निघतो. दुसरा पर्याय क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अर्धवाहकांच्या चमकणाऱ्या नॅनोकणांचा, त्यांचे रंग अप्रतिम, पण त्यातले उत्तम ते बहुतेक कॅडमियमचे, आणि विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवरच्या युरोपच्या आरओएचएस नियमात कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के आहे, शिशाच्याही दहापट कडक. कार्बन डॉट्समध्ये यातलं काही नसतं: १० नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनचे कण, पृष्ठभागावर ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे गट, आणि कच्चा माल अगदी साधा.

सापडले पण गंमतीने. २००४ मध्ये विजेच्या आर्कने बनवलेल्या काजळीतून कार्बन नॅनोट्यूब्स शुद्ध करताना सोबत चमकणारा गाळ वेगळा झाला, आणि २००६ मध्ये क्लेमसन विद्यापीठातल्या या-पिंग सन यांच्या गटाने त्याला कार्बन डॉट्स हे नाव दिलं.

चला, कामाला लागू. पहिला निर्णय चिपचा, आणि तो डॉट्स बनवण्याआधी घ्यायचा, नंतर नाही, कारण बरेचसे कार्बन डॉट्स कोणत्या रंगाच्या उजेडाने उत्तेजित केले त्यावर स्वतःचा रंग बदलतात. ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली दिसलेला रंग ४५० च्या चिपवर तसाच दिसेल याची अजिबात खात्री नाही. माझं मत सरळ आहे, ४५० ची निळी चिप घ्या. एकतर यूव्ही डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त धोकादायक, तयार दिव्यातून ती बाहेर गळली तर तुम्हाला कळणारही नाही. दुसरं म्हणजे हिशोब: ३६५ चा फोटॉन घेऊन ५५० चा हिरवा-पिवळा फोटॉन दिला तर त्यातली ३४ टक्के ऊर्जा तिथल्या तिथे गेली, डॉट्स कितीही उत्तम असोत. ४५० वरून ५५० वर आलात तर तोटा फक्त १८ टक्के. निळा रंग चिप स्वतःच देते, त्यामुळे निळे डॉट्स बनवायची गरजच उरत नाही.

सायट्रिक अ‍ॅसिड आणि एथिलिनडायअमिन ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या घट्ट बंद भांड्यात) २०० अंशांवर ५ तास ठेवून केलेले निळे डॉट्स फार प्रसिद्ध आहेत, ८० टक्क्यांच्या आसपास क्वांटम यिल्ड देतात, म्हणजे शोषलेल्या शंभर फोटॉनांपैकी ऐंशी उजेड म्हणून परत देतात, पण ते उत्तेजित व्हायला ३५०-३६० च्या पट्ट्यातला उजेड लागतो, निळ्या चिपवर ते नुसते बसून राहतील. तरीही ते करायचेच असतील तर एक लक्षात ठेवा, २०० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब साधारण साडेपंधरा बार होतो, त्यामुळे टेफ्लॉनचं आतलं भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचं नाही आणि ओव्हन बंद केल्यावर घाई करून उघडायचं नाही, पूर्ण गार होऊ द्यायचं, रात्रभर लागली तरी चालेल.

हिरव्यासाठी मायक्रोवेव्हची रीत. ३ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, ३ ग्रॅम युरिया, १० मिली डिस्टिल्ड पाणी, साधारण ७५० वॅटवर चार ते पाच मिनिटं. एवढंच. पण बीकर २५० मिलीचा घ्या, १० मिलीला एवढा मोठा कशाला असं वाटेल, मलाही वाटलं होतं आणि मग मायक्रोवेव्हची काचेची थाळी खरवडत बसले होते. आधी पाणी उडतं, मग द्रावण डिंकासारखं घट्ट आणि पिवळं होतं, आणि मग अचानक, खरंच अचानक, फेस फुगून वर चढतो आणि रंग पिवळ्यावरून गडद तपकिरीवर जातो. त्यामुळे सलग पाच मिनिटं लावून निघून जायचं नाही, तीस-तीस सेकंदांचे टप्पे करायचे आणि बघत राहायचं. शेवटी तळाला ठिसूळ, काळपट तपकिरी गोळा उरतो. काळाकुट्ट कोळसा झाला तर जास्त झालं, पिवळा चिकट राहिला तर कमी.

युरिया तापला की अमोनिया सुटतो आणि इतर झोंबणारी वाफही. हे फ्यूमहूडमध्ये (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतल्या कपाटात) किंवा त्याला जोडलेल्या मायक्रोवेव्हमध्येच करायचं. आणि जो मायक्रोवेव्ह यासाठी वापरला तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, कितीही स्वच्छ पुसला तरी.

गोळा पाण्यात विरघळवा, सेंट्रिफ्यूज करून तळाचा काळा साका टाकून द्या, वरचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. इथे बरेच जण थांबतात, मी म्हणते थांबू नका, डायलिसिस करा. ५०० ते १००० डाल्टनची पिशवी, जिच्यातून लहान रेणू बाहेर जातात आणि मोठे कण आत राहतात, बाहेर भरपूर डिस्टिल्ड पाणी, एक-दोन दिवस, मध्ये मध्ये पाणी बदलत. पहिल्या काही तासांतलं बाहेरचं पाणी फेकायच्या आधी त्यावर टॉर्च मारून बघा. बऱ्याचदा ते पाणीच जास्त चमकतं! कारण सायट्रिक अ‍ॅसिड आणि अमिनच्या जोडीतून कार्बनच्या कणांसोबत लहान लहान चमकणारे रेणू पण तयार होतात, आणि छापलेल्या किती तरी मोठ्या आकड्यांमागे प्रत्यक्षात डॉट्स नव्हे तर हे रेणू असतात. दिव्यासाठी फरक काय पडतो? पडतो, कारण रेणू आणि कण दोघं उष्णतेला आणि उजेडाला वेगवेगळं टिकतात, आणि महिन्याभराने रंग का बदलला हे शोधताना दिव्यावर ठेवायच्या आपल्या फिल्ममध्ये, म्हणजे डॉट्सच्या पातळ पापुद्र्यात, नक्की कोण होतं ते माहीत असलेलं बरं.

क्वांटम यिल्ड मोजायचं असेल तर द्रावण इतकं पातळ करा की उत्तेजनाच्या तरंगलांबीवर अ‍ॅबसॉर्बन्स (द्रावण किती उजेड शोषतं त्याचा आकडा) ०.१ च्या खाली येईल. घट्ट द्रावण स्वतःचाच उजेड पिऊन टाकतं, मग आकडा कमी येतो आणि रंगही लालकडे सरकल्यासारखा दिसतो. तुलनेला निळ्यासाठी सौम्य सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधलं क्विनाईन सल्फेट चालतं, त्याचं यिल्ड ५४ टक्के धरतात. हिरव्यासाठी मात्र फ्लुओरेसिन घ्या, क्विनाईनशी तुलना करून हिरव्याचा आकडा सांगणं म्हणजे वजन करायला फूटपट्टी घेण्यासारखं.

आता निळी चिप अधिक हिरवे डॉट्स म्हणजे पांढरा का? नाही. इथे पुष्कळ लोकांचा मूड जातो. मिळतो तो आकाशी-हिरवट उजेड, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी असतो तसला. सीआयई १९३१ च्या नकाशावर (प्रत्येक रंगाला दोन आकड्यांनी जागा देणारा तक्ता) पांढऱ्याचा बिंदू साधारण ०.३३, ०.३३ ला असतो, आणि ४५० पासून त्या बिंदूतून रेघ ओढून पुढे नेली तर ती ५७० च्या आसपास, म्हणजे पिवळ्याला जाऊन लागते. आपले हिरवे डॉट्स ५२०-५३० च्या भोवती, त्यामुळे रेघ पांढऱ्याच्या डाव्या बाजूने निघून जाते. तिला उजवीकडे ओढायला नारिंगी किंवा लाल काहीतरी हवं.

आणि लाल हेच कार्बन डॉट्सचं दुखणं आहे. दोन वाटा बऱ्यापैकी रुळलेल्या आहेत. एक, तेच सायट्रिक अ‍ॅसिड आणि युरिया पण पाण्याऐवजी डीएमएफ म्हणजे डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये, ऑटोक्लेव्हमध्ये १६० अंशांवर, नारिंगी येतो. दुसरी, पॅरा-फिनिलिनडायअमिन इथेनॉलमध्ये १८० अंशांवर १२ तास, लाल येतो. गंमत बघा, त्याच फिनिलिनडायअमिनचं ऑर्थो रूप घेतलं तर हिरवा येतो आणि मेटा घेतलं तर निळा, रेणूत एका गटाची जागा हलली की रंग बदलला. पण डीएमएफ प्रजननसंस्थेला घातक म्हणून युरोपच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे, आणि पॅरा-फिनिलिनडायअमिन म्हणजे केसांच्या काळ्या रंगातलं तेच रसायन ज्याची कित्येकांना जबरदस्त अ‍ॅलर्जी येते. म्हणजे पर्यावरणस्नेही दिव्याच्या नावाखाली आपण हे वापरणार, आणि वापरतो पण, मीही वापरलंय, फक्त मग सगळं कसं हिरवं हिरवं असं लिहायचं नाही. मी दुसरी वाट पसंत करते कारण इथेनॉल हाताळायला डीएमएफपेक्षा खूपच सोपं. हातमोजे नायट्राइलचे, पावडर हूडमध्येच तोलायची, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये नाही, सेंद्रिय कचऱ्याच्या कॅनमध्ये. हे लाल डॉट्स ४५० वर कितपत पेटतात ते मात्र तुमच्या बॅचचं तुम्हीच तपासा, बॅच टू बॅच फरक पडतो.

आता मुख्य काम, फिल्म. डॉट्सना एकमेकांपासून लांब धरून ठेवायला कोणीतरी लागतं आणि सुरुवातीला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल म्हणजे पीव्हीए सगळ्यात सोपं. पाण्यात विरघळतं, पारदर्शक आहे आणि त्याचे हायड्रॉक्सिल गट डॉट्सच्या पृष्ठभागाला धरून बसतात. ५ ग्रॅम पीव्हीए ९५ मिली पाण्यात, पण पाणी गार असतानाच भुरभुरवायचं आणि ढवळत ढवळत मग ८५-९० अंशांपर्यंत न्यायचं. उकळत्या पाण्यात एकदम ओतलं तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात ज्या नंतर दिवसभर ढवळलं तरी फुटत नाहीत. पूर्ण स्वच्छ व्हायला तास-दीड तास जातो. गार होऊ द्या, बुडबुडे वर येऊन फुटू द्या.

आता एकच फिल्म करू नका, माळ करा. ५ टक्क्यांच्या १० मिली द्रावणात अर्धा ग्रॅम कोरडं पीव्हीए असतं. त्यात एका वाटीत अर्धा मिलिग्रॅम डॉट्स, दुसरीत १, तिसरीत २.५, मग ५, मग १०. म्हणजे ०.१ टक्क्यापासून २ टक्क्यांपर्यंत. प्लास्टिकच्या पेट्री डिशमध्ये ओता, लेव्हलवर ठेवा, ४० अंशांवर रात्रभर. सकाळी कडेला ब्लेडचं टोक घालून उचकटलं की फिल्म अख्खी सुटून येते. मग पाचही शेजारी ठेवून निळ्या उजेडात बघा. चमक आधी वाढत जाते आणि मग एका जागी थांबून उलटी घसरायला लागते, रंगही पिवळटाकडे झुकतो. जिथे घसरगुंडी सुरू झाली त्याच्या एक पायरी आधीची फिल्म तुमची. हा आकडा माझ्याकडून उसना घेऊ नका, डॉट्स किती शुद्ध आहेत त्यावर तो पार बदलतो.

लाल डॉट्स इथेनॉलमध्ये असतात, ते पीव्हीएमध्ये थेंब थेंब आणि फार थोडे टाका. इथेनॉल जास्त झालं तर पीव्हीएच पांढऱ्या धाग्यांसारखं बाहेर पडतं आणि सगळी वाटी वाया. लाल आणि हिरवे एकाच फिल्ममध्ये मिसळू नका असंही सांगेन. वेगवेगळ्या फिल्म करा आणि एकावर एक ठेवा, लाल चिपच्या बाजूला आणि हिरवी वर. उलट ठेवलं तर हिरव्याचा बाहेर पडणारा उजेड लाल डॉट्स वाटेतच गिळतात. शिवाय वेगळ्या फिल्म असल्या की रंग जुळवणं सोपं जातं, हिरवी बदलून बघा, लाल बदलून बघा, परत सगळं शिजवायला नको.

(पीव्हीएमधले काही कार्बन डॉट्स यूव्ही बंद केल्यावरही क्षणभर चमकत राहतात. अंधारात टॉर्च बंद करून नक्की बघा, दिव्याला उपयोग नाही पण बघायला फार छान वाटतं.)

पीव्हीएचा दोष म्हणजे ते हवेतला ओलावा ओढतं, मऊ पडतं, कडा वळतात. त्यामुळे टिकाऊ दिवा करायचा तर पुढे सिलिका किंवा सिलिकॉनकडे जावं लागतं, पण तिथे वेगळं लचांड, पाण्यात विरघळणारे डॉट्स सिलिकॉनमध्ये मिसळतच नाहीत, गोळे होऊन बसतात आणि परत तीच काचपट्टीची गोष्ट. त्यासाठी आधी डॉट्स सिलिकाच्या किंवा स्टार्चच्या पावडरवर बसवून मग ती पावडर सिलिकॉनमध्ये घालतात. पहिल्या दिव्याला एवढ्यात शिरू नका.

जोडणी. चाचणीला एक लहान निळा एलईडी, ५ व्होल्टचा पुरवठा. एलईडीवर ३ व्होल्ट पडतात, करंट २० मिलिअँपिअर हवा, म्हणजे उरलेले २ व्होल्ट भागिले ०.०२, रेझिस्टर १०० ओहम. भोवती आतून पांढरी असलेली छोटी वाटी, आणि फिल्म वाटीच्या तोंडावर. चिपला चिकटवू नका. मोठ्या चिपचा पृष्ठभाग सहज १०० अंशांच्या पुढे जातो आणि एवढ्या उष्णतेत डॉट्स मंदावतात, पीव्हीए पिवळं पडतं. मध्ये पाच-दहा मिलीमीटर हवा ठेवली की फिल्म गार राहते आणि उजेड एकसारखा पसरतो. अजून एक, नुसत्या निळ्या चिपकडेही टक लावून बघू नका, पिवळ्या काचेचा चष्मा लावा.

लावलात? आता डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळा दोन मिनिटांत सवय करून घेतो आणि काहीही पांढरं वाटायला लागतं. मी माझा पहिला दिवा सगळ्यांना अभिमानाने दाखवत होते, मग स्वतःचा तळहात त्याखाली धरला तर तो आजारी माणसासारखा हिरवट-करडा, आणि लाल कापड चक्क तपकिरी. लाल नव्हताच उजेडात. स्पेक्ट्रोमीटर असेल तर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा, काढा, ८० च्या वर आला तर घरातल्या दिव्याला चालेल, आणि त्यातला आर९ हा गडद लालचा आकडा वेगळा बघा, कारण सरासरीत तो धरलेलाच नसतो. स्पेक्ट्रोमीटर नसेल तर जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि बारीक फट यातून निदान लाल पट्टा आहे की नाही ते दिसतं. मोबाईलने फोटो काढणार असाल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५५०० केल्विनला लॉक करा, नाहीतर कॅमेरा गुपचूप रंग सुधारून देतो आणि आपण खूश.

टिकाऊपणा बघायला एकाच बॅचच्या तीन फिल्म घ्या. एक दिव्यावर, एक अंधारात ६० अंशांच्या ओव्हनमध्ये, एक अंधारात ड्रॉवरमध्ये. रोज एकाच अंतरावर, एकाच करंटवर लक्समीटरने नोंद. दिव्यावरची पडली आणि ओव्हनमधली टिकली तर दोष उजेडाचा, दोन्ही पडल्या तर उष्णतेचा, ड्रॉवरमधली पण पडली तर ओलाव्यावर संशय घ्या.

बाजारातला साधा पांढरा एलईडी प्रत्येक वॅटला १०० ल्यूमेनच्या वर सहज देतो, तुमचा त्याच्या आसपासही जाणार नाही, ते गृहीत धरा. आणि हिशोब करायचाच तर पूर्ण करा: १२ तास चाललेला ओव्हन, डायलिसिसचं कितीतरी लिटर पाणी, आणि खाली बसलेली गॅलियम नायट्राइडची चिप जी आहे तीच आहे. कार्बन डॉट्सने फक्त वरचा फॉस्फर बदललाय. म्हणूनच पाण्यातली, पाच मिनिटांची हिरवी रीत मला जास्त आवडते, तिच्यात लाल आणता आला तर खरी मजा.

फसलेल्या फिल्म फेकू नका. हिरव्या वेगळ्या, लाल वेगळ्या, कोमट पाण्यात टाकून ढवळत ठेवल्या की थोड्या वेळाने पीव्हीए सुटतं आणि बीकर परत चमकायला लागतो. ते द्रावण गाळून पुढच्या माळेला वापरता येतं, आणि चिपला तर आपण काही चिकटवलेलंच नाही, ती जशीच्या तशी पुढच्या फिल्मला तयार.